वनस्पतींनी सुचवलेली औषधे : मल्टिपल स्क्लेरोसिसवरील संशोधनाचा मागोवा

मेंदू, मेरुरज्जू आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारी चेता यांतील तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते आणि या वेष्टनामुळेच चेतासंदेश वेगाने व न अडखळता इच्छित ठिकाणी पोहोचतात. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात, ज्याला व्यवहारात ‘एमएस’ असे थोडक्यात म्हटले जाते, शरीराची प्रतिकारयंत्रणा या वेष्टनावरच उलटते. रक्तातील टी-पेशी आणि बी-पेशी, म्हणजे एरवी जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार, रक्त आणि मेंदू यांच्यामधील संरक्षक अडथळा ओलांडून आत शिरतात, तेथे दाह निर्माण करतात, आणि दाह ओसरल्यावर त्या जागी कठीण व्रण उरतात. फ्रेंच चेतातज्ज्ञ झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात या विकाराचे पहिले सुसूत्र वर्णन केले. व्रण कोठे पडला यावर लक्षणे अवलंबून असल्यामुळे एका रुग्णाला एका डोळ्याने अंधूक दिसू लागते, दुसऱ्याचे पाय ताठरतात, तिसऱ्याला लघवीवर ताबा ठेवता येत नाही, आणि बहुतेकांना विश्रांतीनेही न जाणारा थकवा ग्रासतो. बहुसंख्य रुग्णांमध्ये प्रारंभीची वर्षे अधूनमधून येणाऱ्या झटक्यांची आणि त्यांमधल्या उताराची असतात. पुढे काहींच्या बाबतीत झटके थांबतात, परंतु अपंगत्व मात्र सावकाश वाढत राहते.

जगभरात या विकाराचे २८ ते २९ लाख रुग्ण असावेत असा अंदाज आहे आणि त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या दुपटीहून अधिक आहे. भारतात त्याचे प्रमाण युरोप-अमेरिकेच्या मानाने कमी असले, तरी मुंबईतील पारशी समाजात ते उर्वरित लोकसंख्येपेक्षा बरेच जास्त असल्याचे चेतातज्ज्ञांनी १९८०च्या दशकापासून नोंदविले आहे. तरुण वयात सुरू होणारा, आयुष्यभर सोबत राहणारा आणि पूर्ण बरा न होणारा विकार म्हटल्यावर रुग्णांचे लक्ष झाडपाल्याकडे वळणे स्वाभाविक आहे. संशोधकही त्याच दिशेने पाहतात. मात्र त्यांचे कारण निराळे आहे. वनस्पतीला पळून जाता येत नसल्यामुळे ती कीटक, बुरशी आणि चरणारी जनावरे यांच्यापासून बचावासाठी असंख्य रसायने तयार करते, आणि दुसऱ्या सजीवाच्या पेशीत ढवळाढवळ करणे हेच या रसायनांचे काम असल्यामुळे त्यांतील काही माणसाच्या पेशींवरही परिणाम करतात. असा परिणाम हितकारक असेलच याची हमी मात्र वनस्पती देत नाही.

या संशोधनात एखादे संयुग प्रथम कोठे तपासले जाते हे समजल्याशिवाय पुढील यशापयशाचा अर्थ लागणार नाही. ती जागा म्हणजे ‘ईएई’ या नावाने ओळखला जाणारा, प्रयोगशाळेतील प्राण्यांमध्ये मुद्दाम घडवून आणलेला मेंदूचा दाह होय, आणि त्याचा उगम रेबीजच्या लशीत आहे. जुन्या पद्धतीची ही लस प्राण्यांच्या चेताऊतींपासून तयार होत असे आणि ती घेतलेल्या काही थोड्या माणसांना पक्षाघात होई. त्याचे कारण विषाणू नसून त्या ऊतीतील मायलिनविरुद्ध शरीराने दिलेला प्रतिसाद असावा, हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील टॉमस रिव्हर्स यांनी १९३०च्या दशकात माकडांना मेंदूच्या ऊतीचे अर्क पुन्हापुन्हा टोचून दाखवून दिले. कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या आठवणीत आहेत. ती लस याच जातकुळीतील, कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी विकसित केलेली आणि मेंढीच्या मेंदूपासून बनविलेली होती, आणि भारतात तिचे उत्पादन २००४च्या अखेरीपर्यंत चालू होते. रिव्हर्स यांच्या प्रयोगाचेच सुधारलेले रूप आज उंदरांवर वापरले जाते. उंदराला मायलिनमधील प्रथिन टोचले की काही दिवसांत त्याची शेपटी लुळी पडते, मग मागचे पाय, आणि ज्या संयुगामुळे हे टळते किंवा लांबते ते आशादायक समजले जाते.

अडचण अशी की या कसोटीला उतरणाऱ्या संयुगांची यादी फार मोठी आहे आणि माणसाच्या एमएसवर उपयोगी पडलेल्या औषधांची यादी तिच्या मानाने फार लहान आहे. उंदराला विकार कोणत्या दिवशी जडणार हे संशोधकाला ठाऊक असते, त्यामुळे संयुग आधीपासून देता येते. रुग्ण मात्र व्रण पडून गेल्यावर वैद्यांकडे येतो. दाह पसरविणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला रोखणारे लेनरसेप्ट हे औषध प्राण्यांमध्ये गुणकारी ठरले होते, परंतु १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी चाचणीत ते घेणाऱ्या रुग्णांना झटके अधिक आले. ते वनस्पतिजन्य नव्हते. तरीही वनस्पतिजन्य संयुगांविषयीची प्रत्येक उत्साही बातमी वाचताना ते स्मरणात ठेवणे इष्ट ठरते.

हळदीचे उदाहरण मराठी वाचकाला सर्वांत जवळचे. हळदीच्या भुकटीत सुमारे तीन टक्के असणाऱ्या कर्क्युमिन या पिवळ्या संयुगामुळे उंदरांमधील ईएई सौम्य होतो, असे २००२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले. दाह वाढविणाऱ्या टी-पेशींना इंटरल्युकिन-१२ या प्रथिनाकडून जो संदेश मिळतो तो कर्क्युमिनमुळे अडतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. त्यानंतर कर्क्युमिनवर हजारो शोधनिबंध निघाले. परंतु पोटात गेलेल्या कर्क्युमिनपैकी अत्यल्प भाग रक्तात उतरतो आणि जो उतरतो त्याचेही आतड्याच्या भिंतीत व यकृतात झपाट्याने रूपांतर होते, त्यामुळे परीक्षानळीत पेशींना जेवढी मात्रा मिळते तिच्या आसपासही माणसाच्या मेंदूतील मात्रा पोहोचत नाही. शिवाय हा रेणू रंगीत, प्रतिदीप्त आणि अस्थिर असल्यामुळे प्रयोगशाळेतील मोजणीच्या पद्धतींनाच चकवतो आणि नसलेला परिणाम असल्यासारखा दाखवतो, असा इशारा २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने विस्तृत आढावा घेऊन दिला. इटलीत इंटरफेरॉन या प्रस्थापित औषधाच्या जोडीला कर्क्युमिन देऊन ८० रुग्णांवर दोन वर्षांची चाचणी घेतली गेली. तिच्यात एमआरआयवरील दाहाबाबत थोडा अनुकूल कल दिसला, पण रुग्णाच्या प्रत्यक्ष प्रकृतीत फरक आढळला नाही आणि अनेक रुग्ण मध्येच चाचणी सोडून गेल्यामुळे त्या कलावरही फार भिस्त ठेवता येत नाही. मिरीतील पायपरिन सोबत दिल्यास कर्क्युमिनचे शोषण वाढते हे खरे, परंतु पायपरिन यकृतातील ज्या विकरांना आवर घालते तीच विकरे इतर कित्येक औषधांचाही निचरा करतात, ही बाब जाहिरातीत सहसा येत नाही.

हिरव्या चहातील ईजीसीजी या संयुगाची परीक्षा अधिक काटेकोरपणे झाली. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील संशोधकांनी झटक्यांचा एमएस असलेले १२२ रुग्ण निवडून, त्यांच्या नेहमीच्या औषधाला जोडून काहींना ईजीसीजी आणि काहींना प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी, दीड वर्ष दिली; कोणाला काय मिळत आहे हे रुग्णांना वा डॉक्टरांना कळू दिले नव्हते. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता, आणि सावकाश वाढत जाणाऱ्या एमएसच्या रुग्णांवरील त्यांच्या स्वतंत्र चाचणीतही मेंदूचे आकुंचन ईजीसीजीमुळे रोखले गेले नाही. गिंको या झाडाच्या पानांचा अर्क स्मरणशक्तीसाठी प्रसिद्ध आहे. १२० रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत, जिचा निष्कर्ष २०१२ मध्ये आला, त्यांच्या बौद्धिक क्षमतेत त्याने सुधारणा झाली नाही. द्राक्षाच्या सालीतील रेसव्हेराट्रॉलची गोष्ट तर याहून बोलकी आहे, कारण २०१३ मध्ये दोन निरनिराळ्या पद्धतींनी आजारी पाडलेल्या उंदरांना ते दिल्यावर त्यांचा विकार बळावला. अपयशी चाचण्यांना प्रसिद्धी मिळत नाही, पण या क्षेत्रातील सर्वांत खात्रीचे ज्ञान त्यांतूनच आले आहे.

सालई ज्या वंशातील झाड आहे त्याच वंशातील झाडांच्या डिंकाचा, म्हणजे धूप म्हणून जाळल्या जाणाऱ्या राळेचा, प्रमाणित अर्क घेऊन जर्मनीत एक लहान चाचणी झाली आणि २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अर्क घेत असलेल्या महिन्यांत मेंदूतील नव्या दाहाचे ठिपके आधीच्या महिन्यांपेक्षा कमी आढळले. तुलनेसाठी प्लासिबोचा गट नव्हता आणि एमएसचा दाह आपोआपही कमीअधिक होत असतो, म्हणून मोठ्या चाचणीवाचून त्यावर अधिक बोलणे योग्य नाही.

यशाची उदाहरणे शोधू गेल्यास ती स्वयंपाकघराबाहेर सापडतात. पित्तपापडा या नावाने आपल्याकडे ओळखल्या जाणाऱ्या औषधी वनस्पतीचा वंश फ्युमारिया हा असून त्याच वंशातील युरोपीय जात त्वचाविकारांवर फार पूर्वीपासून वापरात होती. तिच्यात आढळलेल्या आम्लाला तिच्यावरूनच फ्युमरिक आम्ल हे नाव मिळाले. वस्तुतः हे आम्ल जवळजवळ प्रत्येक मानवी पेशीत ऊर्जानिर्मितीच्या चक्रात क्षणोक्षणी तयार होत असते. वाल्टर श्वेकेनडीक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला सोरायसिस हा त्वचाविकार होता आणि या चक्रातील बिघाडामुळे तो होत असावा असा त्याचा तर्क होता. तेव्हा त्याने फ्युमरिक आम्लाची संयुगे स्वतःवरच वापरून पाहिली आणि १९५९ मध्ये गुण आल्याचे प्रसिद्ध केले. त्याचा तर्क पुढे टिकला नाही, पण गुण टिकला. जर्मनीत १९९४ मध्ये फ्युमरिक आम्लाच्या एस्टरांच्या मिश्रणाला सोरायसिसवरील औषध म्हणून मान्यता मिळाली, आणि सोरायसिस हाही प्रतिकारयंत्रणेच्या बिघाडातून होणारा विकार असल्यामुळे, तेथील चेतातज्ज्ञांनी तेच औषध एमएसच्या मोजक्या रुग्णांना देऊन पाहिले.

त्या मिश्रणातून निवडलेला एकच एस्टर, डायमिथाइल फ्युमरेट, पुढे मोठ्या चाचण्यांत उतरला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डिफाइन’ चाचणीत दोन वर्षांच्या काळात प्लासिबो घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के रुग्णांना झटका आला, तर औषध दिवसातून दोनदा घेणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. हे संयुग पेशीतील एनआरएफ-२ नावाचा नियंत्रक जागा करते, ज्यामुळे पेशी स्वतःचे विषारी ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणारी प्रथिने अधिक बनवू लागते, आणि त्याखेरीज ते आक्रमक टी-पेशींची संख्याही घटवते. चेहरा लाल होऊन गरम वाटणे आणि पोट बिघडणे हे त्याचे सामान्य दुष्परिणाम आहेत. रक्तातील लसिकापेशी, म्हणजे टी व बी पेशींचा समूह, फार घटल्यास मेंदूचा दुर्मीळ पण प्राणघातक संसर्ग होण्याचा धोका असतो. हाच पदार्थ बुरशी लागू नये म्हणून सोफ्यांत घातलेल्या पुड्यांमध्ये वापरला गेल्याने युरोपात अनेकांच्या कातडीवर तीव्र पुरळ उठले होते आणि २००९ मध्ये युरोपीय संघाला ग्राहकवस्तूंमध्ये त्यावर बंदी घालावी लागली. वनस्पतीच्या नावाशी नाते असलेले रसायन सौम्यच असते, या समजुतीला याहून चोख उत्तर सापडणे कठीण. गोळीतील फ्युमरेट मात्र पित्तपापड्यातून काढलेले नसते. ते कारखान्यात तयार होते, आणि पित्तपापड्याचा काढा घेऊन गोळीतली मात्रा शरीराला मिळत नाही.

बुरशी ही वनस्पती नव्हे, तथापि परंपरागत औषधकोशांत दोघींना शेजारीशेजारी जागा मिळालेली असल्यामुळे फिंगोलिमॉड या एमएसवरील औषधाचा उल्लेख येथे अप्रस्तुत ठरू नये. हिमालयातील कीडाजडीप्रमाणे किड्यांच्या शरीरावर वाढणाऱ्या बुरशी चिनी वैद्यकात चिरतारुण्यासाठी दिल्या जात. क्योतो विद्यापीठातील तेत्सुरो फुजिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांपैकी एका बुरशीच्या द्रवातून मायरिओसिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे संयुग वेगळे केले. ते प्रभावी होते आणि तितकेच विषारीही. रेणूतील नको असलेले भाग एकेक करून वगळत या गटाने १९९२ मध्ये फिंगोलिमॉड तयार केले, तेव्हा विषारीपणा तर घटलाच, पण कार्यपद्धतीही मुळातून पालटली : मूळ संयुग एका विकराला रोखत होते, तर नवे संयुग शरीरात रूपांतरित होऊन पेशीवरील एका ग्राहीला चिकटते आणि त्यामुळे टी-पेशींना लसिकाग्रंथींमधून बाहेर पडण्याची वाटच सापडत नाही. पेशी मरत नाहीत. त्या स्थानबद्ध होतात आणि मेंदूपर्यंत पोहोचत नाहीत. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी हे औषध प्रथम अजमावले गेले आणि तेथे ते उपलब्ध औषधांपेक्षा सरस ठरले नाही. एमएसमध्ये मात्र त्याने झटक्यांचे प्रमाण प्लासिबोच्या तुलनेत निम्म्याहून खाली आणले आणि सप्टेंबर २०१० मध्ये, झटक्यांना आवर घालणारी तोंडाने घेण्याची पहिली गोळी म्हणून, अमेरिकेत ते मान्य झाले. पहिल्या मात्रेनंतर हृदयाचे ठोके मंदावू शकतात, म्हणून त्या दिवशी रुग्णाला काही तास देखरेखीखाली ठेवावे लागते.

वनस्पतीचा अर्क जवळपास मूळ रूपात औषध झाल्याचे या विकारातील ठळक उदाहरण गांजाचे आहे, आणि त्याचा आरंभ भारतात सापडतो. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील आयरिश डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये गांजावरील आपले प्रयोग विद्वत्सभेपुढे मांडले, त्यांत धनुर्वाताचे झटके गांजाने शिथिल होत असल्याचे निरीक्षण होते. स्नायूंचा ताठरपणा ही एमएसच्या रुग्णांची मोठी व्यथा असल्याने ब्रिटनमधील अनेकांनी कायद्याची पर्वा न करता गांजा वापरला, आणि त्यांच्या अनुभवांची दखल घेऊन १९९८ मध्ये तेथील उमरावसभेच्या समितीने वैद्यकीय संशोधनाची शिफारस केली. त्यातून टीएचसी आणि सीबीडी या दोन घटकांचे जवळजवळ समान प्रमाण असलेला, तोंडात फवारण्याचा अर्क तयार झाला आणि २०१० मध्ये ब्रिटनने त्याला ताठरपणावरील औषध म्हणून मान्यता दिली. त्याआधी गांजातील घटकांच्या, ६००हून अधिक रुग्णांवरील २००३च्या चाचणीत डॉक्टरांनी हाताने तपासलेल्या ताठरपणात फारसा फरक नव्हता, पण रुग्ण स्वतः मात्र आराम पडल्याचे सांगत होते. यांपैकी कोणाचे मोजमाप प्रमाण मानावे हा वाद अजून मिटलेला नाही, आणि रोजचे चालणे, झोपणे रुग्णालाच करावयाचे असल्यामुळे त्याच्या बाजूचे पारडे थोडे जड मानावे लागते. टीएचसीमुळे विकाराची वाढ थांबते का, हे पाहणारी सुमारे ५०० रुग्णांवरील तीन वर्षांची ब्रिटिश चाचणी २०१३ मध्ये नकारात्मक निकाल देऊन संपली. म्हणजे गांजातील घटक लक्षण हलके करतात, रोगाचा मार्ग बदलत नाहीत. भारतात १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने फुलोऱ्याचा गांजा व राळेचा चरस बंदीखाली आले आणि पाने-बिया त्या व्याख्येतून वगळल्या गेल्या. परंतु भांगेच्या गोळीत टीएचसी किती आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, तर फवाऱ्याच्या प्रत्येक दाबाला २.७ मिलिग्रॅम टीएचसी मिळते.

सध्या संशोधकांचे कुतूहल ज्या रेणूंनी चाळवले आहे त्यांत कलाटा-बी१चा क्रम वरचा लागतो. १९६०च्या दशकात काँगोत काम करणाऱ्या लोरेन्त्स ग्रान या नॉर्वेजियन डॉक्टरने तेथील स्त्रिया प्रसूती लवकर व्हावी म्हणून एका रानटी झुडपाचा काढा घेत असल्याचे पाहिले; काढ्यातील गुणकारी घटक प्रथिनाचा छोटा तुकडा होता आणि उकळूनही तो नष्ट होत नव्हता. त्याची रचना १९९५ मध्ये उलगडली तेव्हा कोडे सुटले : २९ अमिनो आम्लांची ही साखळी टोकांना जोडून वर्तुळाकार झालेली आहे आणि तिला गंधकाचे तीन आडवे बंध आहेत, म्हणून पोटातील विकरांना ती सहजी तोडता येत नाही. व्हिएन्नाच्या संशोधकांनी या साखळीतील विसावे अमिनो आम्ल बदलून टी-२०-के हा रेणू केला आणि तो उंदरांना तोंडावाटे दिल्यावर ईएई सौम्य झाल्याचे २०१६ मध्ये दाखविले. टी-पेशींची वाढ ज्या इंटरल्युकिन-२ या प्रथिनावर अवलंबून असते त्याचा संदेश या रेणूमुळे मंदावतो. निरोगी स्वयंसेवकांवरील पहिल्या टप्प्याची चाचणी त्यानंतर सुरू झाली. मात्र एमएसच्या रुग्णांवरील कसोटी हीच निर्णायक असेल आणि उंदरांबद्दल वर जे म्हटले ते यालाही लागू आहे.

काँगोतील हे झुडूप ओल्डनलँडिया या वंशातील आहे, आणि योगायोग असा की आयुर्वेदात ‘पर्पट’ म्हणून जे औषध सांगितले आहे त्याखाली भारताच्या काही भागांत फ्युमारिया, तर काही भागांत ओल्डनलँडियाची दुसरी एक जात विकली जाते. या दोन वनस्पतींच्या कुळांत वा रसायनांत काहीही साम्य नाही. अखंड वनस्पती वापरून चाचणी घेऊ पाहणाऱ्या संशोधकापुढील पहिला प्रश्न त्यामुळे पुडीत नेमके काय आहे हा असतो, आणि हा प्रश्न केवळ संशोधकाचा नाही. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने आक्षेप घेताना ती वनस्पती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकेल असे म्हटले. पुढील वर्षी देशातील १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती मांडली आणि त्यांतील अनेकांमध्ये प्रतिकारयंत्रणेने यकृतावर केलेल्या हल्ल्याची लक्षणे होती.

एमएसच्या रुग्णाची प्रतिकारयंत्रणा मुळात अतिरेकीच वागत असल्यामुळे ‘प्रतिकारशक्ती वाढवणारा’ म्हणून विकला जाणारा काढा त्याच्यासाठी निराळ्या अर्थाने विचारात घ्यावा लागतो. फ्युमरेट घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील लसिकापेशी आणि यकृताची विकरे ठराविक महिन्यांनी तपासली जातात. तपासणीत विकरे वाढलेली आढळली आणि रुग्ण सोबत काढाही घेत असला, तर दोष कोणाचा हे ठरविण्यासाठी कधीकधी दोन्ही थांबवावी लागतात, आणि औषध थांबलेल्या त्या आठवड्यांत झटक्यापासूनचे संरक्षणही थांबलेले असते.